रात्रभराच्या टाइम-लॅप्समध्ये फोकस सरकतो: आधी आलेख काढा, मग एसीकडे बघा

रात्री साडेनऊला मायक्रोस्कोपचा फोकस लावला तेव्हा न्यूरॉनच्या डेन्ड्राइटवरचे, म्हणजे फांदीवरचे, स्पाइन (चिमुकले कोंब) मोजता येत होते. सकाळी साडेसहाला फाइल उघडली तर पहिल्या चार फ्रेमनंतर नुसतं धुकं. मधे दोनदा तोच डेन्ड्राइट पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा स्पष्ट होतो, दोन-तीन फ्रेम दिसतो आणि पुन्हा बुडतो. तीन आठवडे जपलेलं कल्चर (डिशमध्ये वाढवलेल्या जिवंत पेशी) आणि एक अख्खी रात्र, दोन्ही गेलं.

आमच्याकडे हे सलग तीन महिने चाललं होतं, पण अधूनमधून. खरा छळ या ‘अधूनमधून’चाच होता. रोज झालं असतं तर आठवडाभरात कारण सापडलं असतं. इथे मंगळवारी सगळं वाया, बुधवारी अगदी देखणा डेटा, आणि शुक्रवारी परत धुकं. लॅबमध्ये तर्कांना ऊत आला होता. कुणी म्हणे तेल जुनं झालंय, कुणी म्हणे स्टेजची मोटर गेली. ज्याची रात्र चांगली गेली होती तो म्हणे, तुम्हाला फोकसच लावता येत नाही.

आधी आमची मांडणी सांगते, म्हणजे तुमच्या यंत्राशी ताडून बघता येईल. उलटा कॉन्फोकल मायक्रोस्कोप, ६० एक्स तेलाचं ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग; त्याच्या आणि डिशच्या काचेच्या मधे तेलाचा थेंब असतो), न्युमेरिकल अ‍ॅपर्चर १.४ (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्याचं माप). काचेच्या तळाच्या डिशमध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसचे (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाचे) न्यूरॉन, त्यांत फ्लुरोसंट प्रथिन. स्टेजवर बसणारा छोटा इन्क्युबेटर, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दर २० मिनिटांनी एक फ्रेम, रात्रभर. खोली पुण्यातल्या एका संस्थेतली, तळमजल्यावरची, बिनखिडकीची, दोन स्प्लिट एसी असलेली. ही शेवटची माहिती मी तेव्हा कुणालाच सांगत नव्हते. ती महत्त्वाची आहे असं वाटलंच नव्हतं.

फोकस किती सरकला की चित्र जातं याचा हिशोब एकदा कागदावर करून बघा. १.४ अ‍ॅपर्चरच्या तेलाच्या ऑब्जेक्टिव्हची फील्डची खोली, म्हणजे एका वेळी स्पष्ट दिसणारी जाडी, हिरव्या प्रकाशात साधारण ०.४ मायक्रॉन भरते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). स्पाइन स्वतः अर्धा ते दोन मायक्रॉन लांबीचा. आता अ‍ॅल्युमिनियमचा १० सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्या आणि तो एका अंशाने तापवा. तो २.३ मायक्रॉनने वाढतो. पोलाद त्याच्या निम्म्याने, म्हणजे १.२ मायक्रॉन. ऑब्जेक्टिव्हपासून नोजपीस (ऑब्जेक्टिव्ह बसवलेला भाग), स्टँड, स्टेज असं फिरून परत डिशपर्यंत यायचं तर हा धातूचा रस्ता १० सेंटिमीटरपेक्षा खूपच लांब आहे. सगळे भाग एकाच वेळी एकाच दिशेने वाढत नाहीत, काही एकमेकांना खातात, त्यामुळे नेमका आकडा कागदावर निघत नाही. पण खोलीचं तापमान एका अंशाने हललं तर एक-दोन मायक्रॉन जाणं यात नवल काहीच नाही. आपल्या अंगाला तो एक अंश जाणवतही नाही.

स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल याने १८८८ मध्ये पक्ष्यांच्या लहान मेंदूत स्पाइन दाखवले, तेव्हा ते चांदीच्या रंगप्रक्रियेने उठलेले डाग आहेत, खरे नाहीत, असं म्हणणारेही बरेच होते. त्याचे नमुने स्थिर होते, त्यामुळे वाद फक्त आहे की नाही एवढ्यावरच होता. आम्हाला स्पाइन हलताना बघायचे असतात. जिवंत कल्चरमधले स्पाइन अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या जोरावर काही सेकंदांतही आकार बदलतात हे १९९८ मध्ये दाखवलं गेलं. आता स्पाइन हलला की मायक्रोस्कोप हलला, हा प्रश्न सोडवल्याशिवाय आमच्या व्हिडिओला काडीची किंमत नाही.

खरंच फोकस सरकलाय का?

चित्र खराब झालं म्हणजे फोकस गेला असं धरून चालू नका. मी पहिला महिना यातच घालवला. प्रयोग संपल्यावर डिश हलवण्याआधी त्याच जागी वर-खाली १० मायक्रॉनचा झेड-स्टॅक (एकाखाली एक थरांची चित्रं) घ्या. न्यूरॉन कुठल्या तरी पातळीवर पुन्हा टोकदार दिसला तर फोकस सरकलाय. टोकदार आहे पण सगळीकडे सारखाच मंद आहे, तर रंग जळालाय, लेसर कमी करा. आणि डेन्ड्राइट मण्यांच्या माळेसारखे झाले असतील, ठिकठिकाणी फुगून मधे बारीक, तर पेशी आजारी आहे. जास्त प्रकाश, आटलेलं माध्यम, बिघडलेला आम्लांक, काहीही असू शकतं, पण फोकसच्या मागे लागून ते सुटणार नाही. आमच्या वाया गेलेल्या रात्रींपैकी दोन अशा मणी झालेल्या डेन्ड्राइटच्या निघाल्या. त्या या गोष्टीत नाहीत.

मोजल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका

जिवंत न्यूरॉनवर हे मोजायला जाऊ नका. ०.२ किंवा ०.५ मायक्रॉनचे फ्लुरोसंट मणी काचेच्या तळाच्या डिशमध्ये वाळवा, वर नेहमीइतकंच पाणी घाला, आणि बाकी सगळं प्रयोगाच्या रात्री करता तसंच करा. इन्क्युबेटर चालू, झाकण लावलेलं, दिवे बंद, दार बंद. हार्डवेअर ऑटोफोकस (फोकस आपोआप धरून ठेवणारी यंत्रणा) मात्र बंद ठेवा, नाहीतर तुम्ही आजाराऐवजी औषध मोजाल. मग दर २ मिनिटांनी २० मायक्रॉनचा झेड-स्टॅक, १२ तास. लेसर अगदी कमी. फिजी या चित्रं मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सेट मेझरमेंट्स’मध्ये स्टँडर्ड डेव्हिएशनवर (उजेड-अंधारातल्या फरकाच्या मापावर) खूण करून प्रत्येक स्टॅकमधला सर्वाधिक स्टँडर्ड डेव्हिएशनचा थर शोधायचा. तोच फोकसचा थर. वेळ आडवी, थराची उंची उभी. झाला आलेख.

दर २ मिनिटांनी का, तेही सांगते, कारण इथेच आमची सगळ्यात मोठी फसगत झाली होती. सिनेमात धावत्या गाडीचं चाक उलटं, सावकाश फिरताना दिसतं ना? फ्रेमचा वेग आणि चाकाचा वेग जवळपास जुळला की तसं होतं. आमच्या खोलीचं तापमान साधारण १८ मिनिटांच्या चक्रात वर-खाली होत होतं आणि आम्ही फ्रेम घेत होतो दर २० मिनिटांनी. हिशोब केला तर त्यातून ३ तासांची संथ लाट दिसायला हवी. आमच्या फाइलमध्ये अगदी तेच दिसत होतं. न्यूरॉन तीन-तीन तासांनी डोकं वर काढायचा. ‘रात्री कधीतरी काहीतरी हलतं’ असं आम्ही म्हणत होतो आणि ते खरं तर दर १८ मिनिटांनी हलत होतं.

आलेखाबरोबर तापमानही नोंदवा. त्यासाठी महागडं काही लागत नाही. डीएस१८बी२० हे चिमुकले सेन्सर आणि त्यांची नोंद घेणारं आर्डुइनोचं छोटं सर्किट-बोर्ड, एवढं पुरतं. त्यांची अचूकता अर्ध्या अंशाच्या आतबाहेर आहे, पण आपल्याला खरं तापमान नकोच आहे, बदल हवाय, आणि बदल ते एका अंशाच्या सोळाव्या भागापर्यंत दाखवतात. आम्ही चार लावले: ऑब्जेक्टिव्हच्या कडेला, स्टँडवर, स्टेजच्या इन्क्युबेटरच्या बाहेरच्या अंगाला, आणि एक मायक्रोस्कोपच्या वर हवेत लोंबकळता. चौथ्याची सगळ्यांनी चेष्टा केली. शेवटी गुन्हेगार त्यानेच पकडला.

आलेखाचा आकार काय सांगतो

सुरुवातीला झरझर आणि मग हळूहळू सपाट होत जाणारी वक्ररेषा दिसली तर यंत्र अजून तापतंय. हे सगळ्यात जास्त आढळतं आणि सगळ्यात सोपं आहे. तेलाच्या ऑब्जेक्टिव्हची भानगड अशी की तेलातून डिशची उष्णता थेट त्या पितळी-पोलादी गोळ्यात जाते. इन्क्युबेटरचा आकडा ३७ दाखवत असतो आणि ऑब्जेक्टिव्हच्या बरोबर वरच्या पेशी त्याहून थंड असतात. पुढचे तास-दीड तास ऑब्जेक्टिव्ह तापत राहतं, लांबत राहतं, तेलाचा अपवर्तनांकही बदलत राहतो. उपाय माहीतच असतो, फक्त करायचा कंटाळा असतो: इन्क्युबेटर आणि ऑब्जेक्टिव्हचा हीटर किमान दोन-तीन तास आधी लावा, जमलं तर आदल्या रात्रीच. डिश ठेवल्यावर निदान अर्धा तास थांबा, मग जागा निवडा. ३७ अंशांसाठी केलेलं तेल मिळतं, ते वापरा. अख्ख्या मायक्रोस्कोपला कवेत घेणारी पेटी असेल तर उत्तम, पण ती स्थिर व्हायला रात्रच लागते.

यात खरी अडचण माणसांची असते. मायक्रोस्कोप सगळ्यांचा, बुकिंग तासांवर. तुमच्या आधीच्याने काम संपल्यावर भल्या मनाने सगळं बंद केलेलं असतं, ‘वीज वाचवा’चा कागद भिंतीवर असतोच. आम्ही शेवटी बुकिंगच्या वहीत एक रकाना वाढवला: ‘हीटर चालू ठेवून जाणार का?’ लेसर बंद करा, दिवा बंद करा, पण रात्री कुणी येणार असेल तर हीटर राहू द्या. या एका रकान्याने आमचा निम्मा प्रश्न गेला.

करवतीच्या दात्यांसारखा आलेख आला तर वर बघा. एसी. कॉम्प्रेसर चालू होतो, हवा गार होते, बंद होतो, हवा चढते. आमच्या लोंबकळत्या सेन्सरवर हवा दीडेक अंशाने वर-खाली होत होती आणि मण्यांचा आलेख तिच्यामागून काही मिनिटांच्या अंतराने तसाच दात दाखवत होता. हवा झटकन बदलते, धातू उशिरा ऐकतो. हे मागून येणं दिसलं की पुरावा पक्का समजा.

पण मग बुधवारी सगळं चांगलं कसं? याचं उत्तर मिळायला आणखी दोन आठवडे गेले. एका रात्रीच्या आलेखात दाते होते पण मधेच, बरोबर चार तास, ते जवळजवळ नाहीसे झाले होते आणि मग परत सुरू. चार तास हा आकडा फारच नीटनेटका होता. निसर्ग इतका घड्याळी नसतो. मी विद्युत विभागातल्या काकांना फोन केला. ते सहज म्हणाले, “मॅडम, तुमच्या खोलीत दोन एसी आळीपाळीने चालतात ना, टायमरवर. चार तास हा, चार तास तो. मशीनला विश्रांती नको का?”

पहिला एसी दाराकडे तोंड करून होता. दुसरा थेट मायक्रोस्कोपच्या डोक्यावर. ज्या रात्री पहिल्याची पाळी प्रयोगाच्या मोक्याच्या तासांत यायची, ती रात्र चांगली. ज्या रात्री दुसऱ्याची, ती गेली. बरं, पाळ्या ठरलेल्या वेळी बदलल्या असत्या तरी आमच्या लक्षात आलं असतं. पण वीज गेली की तो टायमर शून्यापासून सुरू व्हायचा आणि पाळ्यांच्या वेळा सरकायच्या. उन्हाळ्यात आमच्या भागात वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. म्हणून आमचं ‘अधूनमधून’.

तेव्हा मायक्रोस्कोप कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा सकाळी अकराला, पक्क्या स्लाइडवर (कायमच्या बसवलेल्या, निर्जीव नमुन्यावर), इन्क्युबेटर न लावता, अर्धा तास बघून “सगळं ओके” असा शेरा. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याने पाहिलं त्या अर्ध्या तासात खरंच सगळं ओके होतं. तिसऱ्यांदा मी त्याला काही सांगितलंच नाही, फक्त दोन रात्रींचा आलेख आणि तापमान एकाच पानावर पाठवलं. पाच मिनिटांत फोन आला, “एसी कुठे आहे तुमचा?” तक्रार लिहिताना ‘फोकस जातो’ असं लिहून भागत नाही. किती मायक्रॉन, किती वेळात, कुठल्या दिशेला, ऑटोफोकस चालू की बंद, हे लिहिलं तर समोरचा माणूस विचार करायला लागतो.

उपाय स्वस्त निघाला. दुसऱ्या एसीच्या तोंडाशी पत्र्याची तिरकी पट्टी लावून झोत भिंतीकडे वळवला. मायक्रोस्कोपभोवती आधी थर्माकोलची, मग अ‍ॅक्रिलिकची भिंत उभी केली. एसीचा पंखा ‘ऑटो’वरून काढून एकाच वेगावर ठेवला. एसी बंदच करून टाकावा असा मोह होतो, पण तो आवरा. लेसर, कॅमेरा, कॉम्प्युटर खोली तापवत राहतात आणि दात्यांच्या जागी सरळ चढण येते. पुढे पैसे मिळाले तेव्हा इन्व्हर्टर एसी आला, जो चालू-बंद न होता कमी-जास्त होतो, आणि दाते आणखी बोथट झाले.

माझी एक मैत्रीण जर्मनीत आहे. तिने हे ऐकून हसून घेतलं, आमच्याकडे असलं काही नाही म्हणाली. मग हिवाळ्यात तिचाच मेल आला: हीटरचा रेडिएटर टेबलाच्या मागेच होता आणि रात्री इमारतीचं तापमान आपोआप कमी केलं जायचं. तिचा आलेख दातेरी नव्हता, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत एकच लांब उतार होता.

असा एकाच दिशेने जाणारा, न थांबणारा उतार दिसला आणि खोलीचं तापमान मात्र स्थिर असलं, तर यांत्रिक कारण शोधा. जुन्या स्टँडमध्ये फोकसचा खटका सैल झाला असेल तर नोजपीस स्वतःच्या वजनाने सावकाश खाली बसतं. फोकसच्या चाकाजवळ ताण घट्ट करायची कडी असते, ती बघा. नाहीतर डिश नीट धरलेली नसेल. आम्ही कित्येक दिवस डिश नुसती खाचेत ठेवत होतो. आता क्लिप लावतो, आणि क्लिप नसेल तिथे कडेला व्हॅसलिनचा ठिपका. प्लॅस्टिसिन वापरू नका, ती गरम होऊन बसत जाते. एका विद्यार्थ्याने ती लावून आमच्या आलेखात नवाच उतार आणला होता.

आणि उडी. एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत एकदम दोन-तीन मायक्रॉन. एकाच रात्री अनेक जागा टिपत असाल तर बहुतेक वेळा हे तेलाचं काम. तेल चिकट असतं. स्टेज झटक्यात सरकली की तेल काचेला ओढतं, पातळ काच किंचित वाकते, आणि लगेच फ्रेम घेतली तर ती वाकलेल्या काचेची असते. स्टेजचा वेग आणि त्वरण कमी करा, पोचल्यावर एक-दोन सेकंद थांबायला सांगा, जागांचा क्रम असा लावा की लांब उड्या पडणार नाहीत. काचेचा गोल जितका मोठा तितकी ती जास्त वाकते. पाण्याचं ऑब्जेक्टिव्ह असेल तर गोष्ट वेगळी: ३७ अंशांना पाणी आटतं, चित्र हळूहळू फिकं होतं आणि मग एका फ्रेममध्ये सगळं काळं. तिथे पाण्याच्या अपवर्तनांकाचं न आटणारं द्रव किंवा जेल वापरतात.

ऑटोफोकस आहे की, मग काळजी कसली?

हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे. हार्डवेअर ऑटोफोकस इन्फ्रारेड प्रकाश खालून सोडतं आणि काचेच्या पृष्ठभागावरून परत आलेला किरण बघून अंतर धरून ठेवतं. निकॉनच्या परफेक्ट फोकसमध्ये हा प्रकाश ८७० नॅनोमीटरचा असतो. तेलाच्या ऑब्जेक्टिव्हला किरण मिळतो तो काच आणि माध्यम यांच्या सीमेवरून. काचेचा अपवर्तनांक १.५२, पाण्याचा १.३३, म्हणजे परत येतो जेमतेम ०.४४ टक्के प्रकाश. एवढ्याशा किरणावर सगळी भिस्त. काचेवर बोटाचा ठसा, तेलात बुडबुडा, डिशच्या तळाला ओरखडा, यांतलं काहीही चालतं त्याला हरवायला.

पक्क्या केलेल्या स्लाइडवर ऑटोफोकस पकडच घेत नाही आणि लोक ते बिघडलंय अशी तक्रार करतात. बिघडलेलं नसतं. बसवण्याचं माध्यम काचेच्याच अपवर्तनांकाचं असेल तर सीमाच उरत नाही, किरण परत कुठून येणार? स्लाइडवर ऑटोफोकस तपासू नका. डिशमध्ये पाणी घालून तपासा.

पण यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ते काचेपासूनचं अंतर धरतं, न्यूरॉनपासूनचं नाही. न्यूरॉन ग्लियाच्या (न्यूरॉनना आधार देणाऱ्या पेशींच्या) थरावर वाढलेले असतील आणि थर रात्रीतून फुगला, तर ऑटोफोकस इमानदारीने चुकीच्या पातळीवर थांबून राहील. मेंदूचा काप बसत जात असेल तरी तेच. सॉफ्टवेअरने चित्राची तीक्ष्णता बघून फोकस शोधायचा पर्याय आहे, पण दर वेळी दहा-पंधरा जादा फ्रेम म्हणजे तेवढा जादा प्रकाश, आणि मग डेन्ड्राइटवर ते आजाराचे मणी दिसू लागतात. आम्ही आता मधला मार्ग धरतो. ऑटोफोकस चालू, शिवाय वर-खाली दोन-दोन मायक्रॉन जास्तीचा झेड-स्टॅक, आणि त्याची भरपाई म्हणून लेसर आणखी कमी. चित्र थोडं खरखरीत येतं. चालतं.

जिवंत प्राण्यात हेच जास्त धोक्याचं

शेजारच्या लॅबमध्ये टू-फोटॉन (खोलवर बघणारा लेसर मायक्रोस्कोप) आहे, जागा उंदीर, कवटीतली काचेची खिडकी, न्यूरॉनमध्ये जीकॅम्प (न्यूरॉन सक्रिय झाला की उजळणारं हिरवं प्रथिन). डेन्क, स्ट्रिकलर आणि वेब यांनी १९९० मध्ये दाखवलेलं हे तंत्र मेंदूत शेकडो मायक्रॉन खोल बघू देतं. तिथे ऑब्जेक्टिव्हचं अ‍ॅपर्चर कमी, थर जाड, म्हणून एक-दोन मायक्रॉनचं त्यांना फारसं काही वाटत नाही. पण पेशीचा व्यासच १० ते १५ मायक्रॉन आणि तासाभरात ५ मायक्रॉन सरकलं, तर काय होतं? चित्र धूसर होत नाही. पेशी नुसती मंद होत जाते. आणि जीकॅम्पच्या चित्रात मंद होणारी पेशी म्हणजे शांत होणारा न्यूरॉन. तिथल्या एका संशोधकाने दोन महिने ‘उंदीर सरावल्यावर न्यूरॉनचा प्रतिसाद घटतो’ असं समजून आलेख रचले होते. निघालं काय, तर डोक्याची पट्टी धरणारा स्क्रू सैल होता.

आणि आमच्यासारखा दातेरी एसी तिथे असेल तर? न्यूरॉनमध्ये १८ मिनिटांची सुंदर लय सापडेल. पेपर लिहायलाही कुणी बसेल.

हालचाल दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर बहुतेक वेळा आडव्या पातळीतली हालचाल सरळ करतात. पेशी पातळीतून खाली गेली असेल तर ती परत आणता येत नाही. म्हणून ते आता प्रत्येक सत्राच्या आधी आणि नंतर त्याच जागेचा झेड-स्टॅक घेतात आणि रोजचं चित्र त्यातल्या कुठल्या थराशी जुळतं ते बघतात. शिवाय पेशींत टीडीटोमॅटोसारखं न बदलणारं लाल प्रथिनही ठेवतात. हिरवा घटला आणि लाल तसाच राहिला तर न्यूरॉन शांत झाला. दोन्ही घटले तर स्क्रूड्रायव्हर घ्या. खिडकीवरच्या पाण्याचंही तेच, दोन तासांत आटतं. ते लोक अल्ट्रासाउंडचं जेल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून बुडबुडे काढून वापरतात. आधी मला ते जुगाडू वाटलं होतं. नंतर कळलं, बऱ्याच लॅब हेच करतात.

मेंदूच्या कापांवर काम करणाऱ्यांनी द्रव फिरवणारा पंप बघा. पेरिस्टाल्टिक पंपाच्या प्रत्येक ठोक्याला पाण्याची पातळी हलते, शोषून घेणारी नळी घुरघुरते आणि बुडवलेल्या ऑब्जेक्टिव्हखाली काप नाचतो. हा ड्रिफ्ट (संथ सरकणं) नव्हे, थरथर आहे; आलेखात जाड रेषेसारखा दिसतो. पंप एक मिनिट बंद करा आणि बघा, उत्तर तिथल्या तिथे मिळतं.

आमचं यंत्र आता रात्रभरात एका मायक्रॉनच्या आत राहतं, ऑटोफोकस बंद ठेवूनसुद्धा. दर तीन महिन्यांनी मण्यांची रात्र करतो आणि आलेख मायक्रोस्कोपच्या बाजूला चिकटवतो, म्हणजे पुढच्या वेळी कुणी ‘आधी असं नव्हतं’ म्हटलं तर आधी कसं होतं ते भिंतीवर असतं.

एक भोक अजून बुजलेलं नाही. मायक्रोस्कोप यूपीएसवर आहे, एसी नाही. पहाटे दहा मिनिटं वीज गेली की कॅमेरा फ्रेम घेत राहतो, जनरेटर लागतो, सगळं सुरळीत दिसतं, पण नवा एसी रिमोटने चालू केल्याशिवाय सुरू होत नव्हता. त्या रात्रीचा आलेख सरळ चढत गेला होता, सकाळी खोली ३१ अंशांवर. एसीच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो रिस्टार्ट’ शोधा, आणि ते खरंच चालतं का हे एकदा मेन स्विच बंद-चालू करून दिवसाउजेडी बघा. आमच्यात ते होतं, पण कारखान्यातून बंद करून आलं होतं. आता चालू केलंय. एप्रिलमध्ये कळेल.